पोर्तुगालची फिल्म मिळाली का गं?

दादा,

तुझा फोन वहिनी अजून रोज सकाळी चार्जिंगला लावते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "असू दे गं, सवय आहे." काल मुलुंडला गेले होते तेव्हा तो हातात घेतला आणि आपल्या दोघांचे मेसेज उघडले. तुला टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे तुझ्या बाजूला एकच वाक्य पुन्हा पुन्हा आहे. "मिळाली का गं?" सहा वेळा. आणि माझ्या बाजूला सहा वेळा, "नाही रे दादा, शोधतेय."

त्यातलं पहिलं उत्तर तेवढं खरं आहे. पुढची पाच खोटी आहेत.

युनियनच्या जुन्या मंडळींना तुझ्यावर छापायचं होतं, म्हणून गाव, शाळा, कारखाना, कुठलं खातं, हे सगळं मी एका पानावर लिहून दिलं. शाळेतल्या बाईंना शोभेल असं, परिच्छेद वगैरे पाडून. हे त्यांच्यासाठी नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती तोंडानं सांगायची सोय आता उरलेली नाही.

सगळं सुरू झालं बाबांच्या खांद्यापासून. आपलं गाव तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडचं. पलीकडे गोवा, म्हणजे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. बाबा तरुणपणी सत्याग्रहींबरोबर पलीकडे गेले आणि उजव्या खांद्यावर पोलिसाचा दंडुका खाऊन परत आले. पुढे मुंबईत गिरणीला लागले, भांडुपला खोली घेतली, तरी हवा दमट झाली की तो खांदा दुखायचा आणि बाबा थेट पोर्तुगालच्या नावानं शिव्या घालायचे. तू नुकताच कारखान्यात फिटर म्हणून चिकटला होतास. पेपरात आलं, की पोर्तुगालमध्ये सैनिकांनीच हुकूमशाही उलथवली आणि लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल फुलं खोचली. तू ते बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलंस. बाबा खांदा चोळत म्हणाले, "आमच्या येळार खंय होती ही फुलां?"

तू हसून लोळलास. पण ते चित्र तुझ्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. ज्यांनी बाबांना मारलं त्यांच्याच पोरांनी आपलं सरकार घरी पाठवलं, या एका गोष्टीवर तू पन्नास वर्षं काढलीस. कारखान्यातल्या निम्म्या लोकांना पोर्तुगाल नकाशावर दाखवता आला नसता, पण तिथल्या सैनिकांची गोष्ट पाठ होती, ती तुझ्यामुळे.

बाकीच्यांना तू युनियनवाला म्हणून आठवशील. मला आठवतोस तो टीव्हीशेजारी उभा राहून बोलणारा. कामगार केंद्राच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी आपण फिल्म दाखवायचो. भाड्याचा व्हीसीआर, लोखंडी टेबलावर टीव्ही आणि कुठून कुठून मिळवलेल्या परदेशी माहितीपटांच्या कॅसेट. खाली इंग्रजी अक्षरं पळायची आणि समोर बसलेल्या साठ-सत्तर माणसांतल्या तिघा-चौघांना ती वाचता यायची. म्हणून आपली ती पद्धत पडली. आधी मी एकटीनं कॅसेट बघायची, थांबवत थांबवत, आणि दोनशे पानी वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी लिहून काढायचं. मग रविवारी मी तुझ्या पाठीमागे स्टुलावर, मांडीवर वही, हातात टॉर्च. मी तुझ्या कानात वाक्य सांगायची आणि तू ते हॉलभर ऐकू जाईल असं बोलायचास. वही हातात घ्यायला मात्र तू कधी तयार झाला नाहीस. म्हणायचास, "कागद बघून बोललं की लोकांना भाषण वाटतं, शालू. तू कानात सांग."

मी कानात शाळेतलं मराठी सांगायची आणि तुझ्या तोंडून ते भलतंच होऊन बाहेर पडायचं. जगातले सगळे शेतकरी आणि कामगार तुझ्याकडे मालवणी बोलायचे. चिलीचे काय, व्हिएतनामचे काय. मालक मात्र सगळे पुणेरी. लोक खुर्चीवरून पडेस्तोवर हसायचे. मी दोन-दोन दिवस घालवून शब्द शोधलेले असायचे, म्हणून चिडायचे. आणि चिडून पुन्हा पुढच्या रविवारी स्टुलावर येऊन बसायचे, कारण त्यासारखी मजा मला दुसऱ्या कशात येत नव्हती.

मग तो रविवार आला. तुमच्या कारखान्याला टाळं लागून तीन महिने झाले होते. मालक गेला होता, मशिनं आत होती, आणि तुम्ही ठरवत होतात की आपणच सहकारी पद्धतीनं कारखाना चालवायचा का. निम्मे लोक हो म्हणत होते, निम्मे घाबरत होते. नेमकी तेव्हाच तुला ती कॅसेट मिळाली. पोर्तुगालमध्ये क्रांतीनंतर दक्षिणेकडच्या शेतमजुरांनी जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेऊन मिळून कसल्या, त्यातल्या एका शेताची गोष्ट. तुला वाटलं, देवच पावला. तू देव मानत नव्हतास, तरी हेच शब्द वापरलेस.

मी आधी बघितली तेव्हाच मला कळलं होतं की शेवट अवघड आहे. ते शेत काही वर्षांनी मोडलं. शेवटी एक बाई येते, चाळिशीची असेल, डोक्याला रुमाल, पुढ्यात ऑलिव्हची टोपली. तिला विचारतात, का मोडलं? ती टोपलीतून मान वर काढते आणि सरळ आपल्याकडे बघून बोलते. मी तुझ्या कानात सांगितलं, जसंच्या तसं: "बाहेरून कुणी मोडायला आलं त्याच्या आधीच आम्ही आपसात भांडलो होतो. कुणी कुणाचं ऐकेना. आम्हीच मोडलं."

हॉल तुझ्याकडे बघत होता. मग तू म्हणालास, "त्येंनी आमका टिकूक दिल्यानी नाय. सगळे मालक एक झाले."

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. तू मागे हात करून माझा टॉर्च धरलेला हात दाबलास, गप्प बस म्हणून. टाळ्या पडल्या. लोक उठून घोषणा द्यायला लागले.

बाहेर गल्लीत आल्यावर मी तुला सोडलं नाही. तू म्हणालास, "अर्थ सांगायचं काम तुझं. बोलायचं मी बघतो." मी म्हटलं, "ही माणसं उद्या आपली घरंदारं पणाला लावतील, त्यांना खड्डा कुठं आहे ते तरी सांग." तू म्हणालास, "आज खड्डा दाखवला तर उद्या कुणी घरातून बाहेर पडणार नाही." त्यावर मी ती वही तुझ्या छातीवर आपटली. "घे. ती काय म्हणाली ते यात आहे. यापुढे तुझ्या कानात कुणी दुसरं सांगेल." आणि चालायला लागले.

त्यानंतर मी स्टुलावर बसले नाही. तुमच्या फिल्म पण दोन-तीन महिन्यांत बंद पडल्या. कारखाना तुम्ही चालवायला घेतलात, मतदान करून घेतलात, आणि चौदा महिन्यांनी तो मोडला. कसा मोडला ते मला तुझ्याकडून कधी कळलं नाही, वहिनीकडून कळलं. सुपरवायझर कोणी व्हायचं, कुणाच्या भावाला कामावर घेतलं, कोण कुणाला उलटून बोललं. बाहेरून कुणालाही यावं लागलं नाही. शब्दन्‌शब्द त्या बाईनं सांगितल्यासारखं.

तू लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागलास. कारखान्याच्या जागेवर टॉवर उठले, खाली निळाशार पोहण्याचा तलाव. त्या रस्त्यानं बस गेली की तू खिडकीतून दुसरीकडे बघायचास. मी हे सगळं बघत होते आणि तरी मी तुला पस्तीस वर्षं टोचत राहिले. दर भाऊबीजेला. ओवाळून झालं, तू लाडू तोंडात टाकलास, की माझं सुरू: "सांग ना दादा, त्या बाईनं काय म्हटलं होतं?" आणि तुझं ठरलेलं उत्तर: "म्हणायला पाहिजे होतं ते." वहिनी ताट उचलून आत जायची. तिला पाठ होतं पुढे काय होणार. मी म्हणायची, तू त्यांना आंधळ्यासारखं आत नेलंस. तू म्हणायचास, "तुमच्या शाळेत बरोबर-चूक लाल पेनानं होतं, बाहेर होत नाही." एका वर्षी मी ताट तसंच टाकून निघून आले होते. ते आठवलं की आता नको वाटतं.

मग तुझं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा. मंगळवारी माझी पाळी असायची. गोरेगावहून आरेतून पवई, तिथून दुसरी बस, आणि तुझ्या खाटेशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत चार तास. हातावर जिथं शिरा जोडून सुया टोचायची जागा केली होती तिथं कातडीखाली झिणझिण वाजायचं. तू मला हात लावायला लावायचास. "बघ गं, मोटर चालू आहे ना?" मी म्हणायची, आहे. "बेअरिंग गेलंय, पण चालतेय," असं म्हणून तू डोळे मिटायचास.

अशाच एका मंगळवारी तू फोन माझ्यापुढे धरलास. जुन्या युनियनवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी दोन मिनिटांचा ट्रेलर टाकला होता. पोर्तुगालच्या क्रांतीला पन्नास वर्षं झाली, मागे काय उरलं, अशी फिल्म. कुणीतरी पुन्हा त्याच शेतावर गेलं होतं. एका ठिकाणी तू बोटानं थांबवलंस. प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी, डोक्याला रुमाल.

"हीच ती," तू म्हणालास.

"काहीतरीच. पस्तीस वर्षांपूर्वीचा चेहरा तुझ्या लक्षात आहे?"

"मान कशी वर करते बघ ना. हीच ती, शालू. कुठं बघायला मिळेल, शोध. पूर्ण बघायची आहे." मग जरा थांबून म्हणालास, "ह्या वेळी तू बोल. मी ऐकतो."

पस्तीस वर्षांत तू एवढं कधी वाकला नव्हतास. मी नुसती मान हलवली. बसमध्ये आरेच्या झाडांतून येताना माझे डोळे वाहत होते. कंडक्टरनं विचारलं, बाई, ठीक आहे ना. मी म्हटलं, धूळ गेली.

मी मनापासून शोधली रे. हे तरी खरं मान. कुठली फिल्म कुठं बघायला मिळते एवढंच सांगणाऱ्या साइट असतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्यावर नाव टाकलं की लिहून यायचं, सध्या कुठंही उपलब्ध नाही. एका ठिकाणी होती, तर पैसे भरायच्या आधीच पाटी आली की तुमच्या देशात ही दाखवता येत नाही. एका ठिकाणी त्याच नावाची कुठली तरी प्रेमकहाणी निघाली, ती मी वीस मिनिटं बघितली, आता क्रांती येईल म्हणून. मग कळलं की मागच्या वर्षी अंधेरीत एका छोट्या हॉलमध्ये एकदाच दाखवली होती. माझ्या घरापासून रिक्षानं अर्ध्या तासावर. त्या दुपारी मी बहुतेक पापड वाळत घालत असेन. शेवटी फिल्मच्याच पानावर पत्ता मिळाला आणि तुझा पहिला 'मिळाली का गं?' आला त्याच दिवशी मी सरळ बनवणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं. माझा भाऊ, भांडुपचा कारखाना, ती जुनी फिल्म, सगळं. मी आयुष्यात एवढं लांब इंग्रजी पत्र लिहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. लिंक आणि पासवर्ड. एक महिना चालेल, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा, असं.

आपली पद्धतच होती की आधी मी बघायची. म्हणून मी तुला लगेच कळवलं नाही. सकाळची कामं आटपून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि नवी वही घेऊन बसले. तू म्हणत होतास ते बरोबर होतं, तीच बाई होती. पण त्या शेताचं आता हॉटेल झालंय, दादा. परदेशी लोक सुट्टीला येतात. जिथं ऑलिव्ह गोळा करायचे तिथं पोहण्याचा तलाव आहे, निळाशार, आणि त्या बाईची भाची तिथं टॉवेलांच्या घड्या घालते. मी लॅपटॉप मिटला आणि तशीच बसून राहिले. तुला तो तलाव दाखवायचा? आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेणाऱ्या माणसाला? बसच्या खिडकीतून मान वळवणाऱ्याला? मंगळवारी तू विचारलंस तेव्हा माझ्या तोंडून आपोआप गेलं, "नाही रे. भारतात दाखवत नाहीत."

"शोध," तू म्हणालास. "तुला मिळेल."

पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. मग एक महिना संपला आणि लिंक बंद झाली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आता नाही मिळाली म्हणायला खोटं बोलावं लागणार नव्हतं.

तू गेलास ती सकाळ निदान बरी होती, असं वहिनी म्हणते. तू खिडकीत बसून पेपर वाचत होतास, ती चहा टाकायला आत गेली, बाहेर आली तेव्हा पेपर खाली पडला होता. आदल्या दिवशी तू मला फोन केला होतास. इकडचं तिकडचं बोललास, आणि ठेवता ठेवता, "मिळाली का गं?" मी म्हटलं, नाही रे दादा. तू म्हणालास, "बरं." त्या 'बरं'मध्ये राग नव्हता, काहीच नव्हतं. मी ते तेव्हापासून ऐकतेय.

तेराव्याला दत्ताराम आला होता. तुझ्याच खात्यातला, आता कांदिवलीला लेकाकडे असतो, कानाला मशीन लावलंय. निघताना मला म्हणाला, "बाय, दादा फिल्म फिल्म करी होतो, ती गावली काय?" म्हणजे तू त्यांनाही सांगून ठेवलं होतंस, की शालू शोधतेय, मिळाली की सगळे बसून बघू. घरी येऊन मी त्या बाईंना पुन्हा पत्र लिहिलं. लिहिलं की भाऊ गेला. त्यांनी त्याच दिवशी लिंक उघडून दिली.

मागच्या रविवारी दुपारी तुमच्या हॉलमध्ये, म्हणजे मुलुंडच्या घरी, वहिनीच्या टीव्हीवर लावली. दत्ताराम आणि कारखान्यातले आणखी तिघे. तिघांपैकी दोघे तुमचा कारखाना मोडल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत, ते सोफ्याच्या दोन टोकांना बसले. तुझा फोटो भिंतीवर. मी टीव्हीशेजारी उभी राहिले, हातात वही घेऊन. माझ्या मागे स्टुलावर कुणी नव्हतं.

पहिली दहा मिनिटं मी वाचत होते. दत्ताराम म्हणाला, "कायता गो, शाळेत बसल्यासारखा वाटता." वहिनी पदर तोंडाला लावून हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी वही खाली ठेवली.

तलाव आला. मी सांगितलं, हे तेच शेत. मग ती म्हातारी आली.

आणि इथं तुला ते सांगायला हवं, जे मी अजून सांगितलेलं नाही. तलाव बघून लॅपटॉप मिटला ते खरं. पण तासाभरानं मी तो पुन्हा उघडला होता. मी शेवटपर्यंत बघितली होती. त्या बाईला पुन्हा तोच प्रश्न विचारतात, आणि ती म्हणते, हो, आम्हीच भांडलो, शेजारीण माझ्याशी अजून बोलत नाही. मग ती हॉटेलकडे हात करून म्हणते, पण तेव्हा भांडायला निदान आमचं स्वतःचं काहीतरी होतं. हे ऐकून मला कसं झालं असेल, सांगू? आनंद नाही झाला. मला वाटलं, झालं, आता दादा म्हणणार, बघ, बाई काय म्हणते. पस्तीस वर्षांचं माझं एका वाक्यात गेलं असतं. तुझ्या तब्येतीची काळजी होती, नव्हती असं नाही. पण ती निम्मी होती. उरलेली निम्मी काय होती ते मी वहिनीलाही सांगितलेलं नाही.

रविवारी ते वाक्य आलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी शाळेतल्या मराठीत सांगणार होते. तोंडातून आलं ते असं: "पण भांडूक आमचा सोताचा कायतरी होता." मी घरीसुद्धा मालवणी बोलत नाही, तुला माहीत आहे. सोफ्याच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाकडे बघायला लागला. दुसरा चष्मा पुसत बसला.

फिल्म संपली, वहिनीनं चहा आणला. मला राहवलं नाही. म्हटलं, "दत्ताराम, ह्या बाईनं तेव्हाही खरंच सांगितलं होतं. आम्हीच भांडलो, असं. दादानं तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

दत्तारामनं बशी खाली ठेवली. "म्हायत हा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दुसऱ्या दिशी सकाळी गेटार इलो तो. हातात तुझी वही. दादा म्हणालो, काल मी तुमका खोटा सांगितलंय. ती बाय म्हणाली तां ह्यां. आणि वाचून दाखवल्यान, दोनदा. मगे मतदान झाला. सगळा कळान-सवरान हात वर केलव आम्ही."

बाकीचे तिघे मान हलवत होते. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं कुणी? पस्तीस वर्षं?"

"तोच म्हणालो, शालूक सांगू नकात," दत्ताराम म्हणाला. "डोक्यार बसतली."

वहिनी उठली आणि आतून तुझी हत्यारांची पेटी घेऊन आली. पान्यांच्या खाली, मेणकापडात गुंडाळलेली, माझी वही. मी थेट ते पान काढलं. उजवीकडे माझं अक्षर, बाहेरून कुणी मोडायला आलं त्याच्या आधीच, आणि समासात काळ्या ग्रीसचा अंगठा उमटलेला. तू कधी कागद हातात धरून बोलला नाहीस म्हणून मी जगाला सांगत होते. एकदा धरला होतास.

तुझा भयंकर राग आला, दादा. अजून आहे. दर भाऊबीजेला माझ्याकडून ओवाळून घेऊन, लाडू चावत, 'म्हणायला पाहिजे होतं ते' म्हणत बसलास. एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी डोक्यावर बसले असते, दोन दिवसांनी उतरले असते. पण राग करू तरी किती? एक रात्र झोपून तू उठलास आणि गेटवर जाऊन सगळ्यांसमोर चूक सांगितलीस. मला पूर्ण तीन महिने मिळाले होते. कितीतरी मंगळवार मी तुझ्या खाटेशेजारी बसले होते, तुझ्या हाताला हात लावून, मोटर चालू आहे म्हणून सांगत.

वहीची मागची काही पानं कोरी होती. काल बसून त्यांवर नव्या फिल्मची सगळी वाक्यं लिहिली, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. त्या म्हातारीचं तेवढं मालवणीत लिहिलं. वही पुन्हा मेणकापडात गुंडाळून पेटीत ठेवली. दत्ताराम म्हणाला, त्यांना ती फिल्म पुन्हा बघायची आहे, आणि ह्या वेळी आणखी चौघांना बोलावतील. सोफ्यावरच्या त्या दोघांना एकाच रिक्षानं जाताना वहिनीनं गॅलरीतून बघितलं. काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही.

आज सकाळी उठल्यावर पहिलं काम हे केलं. वहिनीनं नेहमीसारखा तुझा फोन चार्जिंगला लावला असेल. मी माझ्याकडून आपले मेसेज उघडले, तुझ्या सहाव्या 'मिळाली का गं'खाली माझं जुनं उत्तर होतं, त्याच्याखाली लिहिलं.

"मिळाली होती, दादा. तू पहिल्यांदा विचारलंस त्याच्या चौथ्या दिवशीच."